दहा फुटांच्या अंगणातली पंचवीस वर्षे

परसबाग कशी लावावी हे आपल्या शेतकरी वाचकांना शिकवायला नको. खड्डा केवढा, शेणखत किती, रोप कोणत्या महिन्यात लावायचे, हे घराघरांत ठाऊक असते. पण लावलेल्या बागेचे पाचव्या वर्षी काय होते, बाराव्या वर्षी काय होते आणि विसाव्या वर्षी त्याच जागी उभे राहून पाहिले तर काय दिसते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. शेतात दर हंगामाला नांगर फिरतो आणि पाटी कोरी होते. अंगणात तसे होत नाही. तेथे मागल्या वर्षीचे झाड पुढल्या वर्षीच्या भाजीवर सावली धरून उभे असते.

हा विषय आम्हांला सापडला तो सुरतेच्या पांडेसऱ्यात. सुरत शहराच्या दक्षिणेला, उधन्याला लागून, हा भाग आहे. येथे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत असून कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या मिलांच्या चिमण्या दूरवरून दिसतात. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या बाजूची हजारो माणसे कामासाठी येथे आली व राहिली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते, त्या याच माणसांच्या मुलांसाठी. हे लोक मुळात शेतकरी. मिलच्या पाळ्या करून आल्यावरही त्यांचे हात मातीकडे वळतात. जेथे चार वीत जागा मिळेल तेथे अळू, गवती चहा, तुळस किंवा शेवगा दिसतो तो त्यामुळेच.

असेच एक अंगण आम्ही गेली नऊ वर्षे पाहत आहोत. लांबी अठरा फूट, रुंदी दहा. कुटुंब नंदुरबारकडचे. त्यांनी घर घेतले १९९९ साली. आम्ही पाहिले नाही त्या वर्षांची हकिकत घरच्या आजींनी सांगितली आणि बरीचशी एका शाळकरी वहीत सापडली. आजींना लिहिता येत नाही. त्या सांगत आणि घरातले जे मूल शाळेत जात असेल ते लिहून ठेवी : पाऊस कधी सुरू झाला, पपईला पहिले फूल कधी आले, कोणते झाड वाऱ्याने पडले. अक्षर तीन वेळा बदलले आहे, वही तीच आहे.

आधी जमिनीविषयी, कारण खरा धोका तेथे होता. प्लॉट सखल होता व विकणाऱ्याने तो भरून दिला होता. वरवर मुरूम दिसे, पण आजींच्या यजमानांनी फावडे घातले तेव्हा खाली विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळे आणि मिलच्या बॉयलरची राख निघाली. ते गावाकडे शेती केलेले गृहस्थ. त्यांनी अडीच फूट खोल खणून सगळे बाहेर काढले आणि उसाच्या शेतातली दोन ट्रॅक्टर काळी माती आणून टाकली. त्या वेळी शेजारच्यांनी त्यांना हसून घेतले. आम्हांला मात्र हा त्या बागेतला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो.

कारण असे. कोळशाच्या राखेत आणि रंगकामाच्या गाळात क्रोमियम, शिसे यांसारखे जड धातू असू शकतात. पाऊस ते धुऊन नेईल असे कोणी समजू नये, ते मातीत वर्षानुवर्षे राहतात. पालक, मेथी, माठ यांसारख्या पालेभाज्या आणि मुळा, गाजर यांसारखी कंदमुळे असे धातू अधिक ओढून घेतात. शिवाय त्यांच्यावर मातीचे कण चिकटून येतात ते वेगळेच. झाडाच्या फळात हे प्रमाण सहसा कमी असते. लहान मुलांच्या वाढीला व मेंदूला शिसे फार घातक आहे. म्हणून ज्यांची मुले-लेकी आता सुरत, वापी, तारापूर, अंबरनाथ अशा कारखान्यांच्या गावी घर करून राहिली आहेत त्यांना एवढे अवश्य सांगा : भराव कशाचा आहे हे ठाऊक नसेल तर पालेभाजी जमिनीत लावू नका. खात्रीची माती आणून ती जुन्या पिंपात, घमेल्यात किंवा विटांच्या वाफ्यात भरा आणि त्यात पालेभाजी घ्या. मात्र ते पिंप रसायनाचे नसावे. मिलच्या मागून वाहणाऱ्या खाडीचे पाणी तर झाडाला कधीही घालू नये, मग ते कितीही निवळ दिसो. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढू लागली तर पाण्यात क्षार जास्त आहेत असे समजावे व पावसाळ्यात कुंड्या चांगल्या धुऊन निघू द्याव्यात.

पहिल्या पावसाळ्यात आजींची वांगी आणि मिरची सडली. खानदेशात धुळे-जळगावकडे वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीच्या आसपास सुरतेला पडतो, आणि माती तीच काळी, पाणी धरून ठेवणारी. गावाकडे सपाट वाफ्यात पाणी टिकवायचे, येथे ते काढून द्यायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी वाफे वीतभर उंच केले व मधून चर काढला, तेव्हा झाडे तगली. माणसाने गाव बदलले की हातांना पुन्हा शिकावे लागते. वसईहून पालघर-डहाणूकडे जमीन घेतलेल्या आपल्या काही बांधवांनी हेच अनुभवले आहे.

पहिली चार वर्षे त्या अंगणाची भरभराट झाली. वहीत त्या वर्षांच्या नोंदी दाट आहेत. मेथी आणि कोथिंबीर महिन्याभरात, भेंडी दोन महिन्यांत, पपई दहाव्या महिन्यात. शेवग्याची फांदी रोवली तिला वर्षाच्या आत शेंगा लागल्या. मोरीच्या पाण्यावर अळू माजले आणि कुंपणावर सुरती पापडीचा वेल चढला. आजी सांगतात, त्या दिवसांत भाजीवालीला हाक मारावी लागत नसे. याच काळात, २००१ साली, अंगणाच्या मधोमध केसर आंब्याचे एक कलम लावले गेले. ते तेव्हा गुडघ्याएवढे होते. त्याच्या भोवती वांगी होती आणि कोणाच्या डोळ्यांत ते भरलेही नाही.

येथे थोडे थांबून दोन मोठ्या बागांविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यांतून या लहान बागेचे कोडे उलगडते. उंबरगावजवळ देहरी येथे भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' नावाची वाडी आहे. सावे हे पूर्वी शिक्षक होते. पुढे नैसर्गिक शेतीसाठी त्यांचे नाव देशभर झाले. २०१५ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांची रीत अशी की एकाच जमिनीत अल्पायुषी, मध्यमायुषी आणि दीर्घायुषी अशी तिन्ही प्रकारची झाडे एकाच वेळी लावायची. भाजी व कडधान्य आधी हाती येते व जमीन झाकते. केळी, पपई, शेवगा पुढची काही वर्षे उत्पन्न देतात आणि कोवळ्या रोपांना सावली देतात. तोवर चिकू आणि नारळ मोठे होतात, आणि मग आधीच्यांनी जागा सोडायची असते. दुसरे उदाहरण वांसद्याचे. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने १९८२ साली दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी वाडी योजना सुरू केली. साधारण एकरभर जागेत आंबा-काजूची कलमे, कडेने इतर झाडे आणि फळझाडे मोठी होईपर्यंत मधल्या जागेत अन्नधान्य व भाजीपाला. पुढे ही पद्धत अनेक राज्यांत गेली.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरलेली असते : कोण किती वर्षे राहणार आणि कोण कोणासाठी उठणार. अंगणात आपण हा हिशेब करीत नाही. आपण रोपाची उंची पाहून जागा देतो, झाडाचा घेर पाहून देत नाही.

पांडेसऱ्याच्या त्या अंगणात पाचव्या वर्षापासून हिशेब बदलला. पपया एकामागून एक गेल्या. पानांवर पिवळे चट्टे, फळांवर वर्तुळे, हा विषाणूचा रोग असून त्याला औषध नाही. झाड उपटून टाकावे हेच बरे. एरवीही पपईचे उमेदीचे आयुष्य तीन वर्षांचेच. शेवगा एका जूनच्या वादळात मोडला, कारण त्याचे लाकूड ठिसूळ असते. शेंगांचा हंगाम संपला की दरवर्षी तो तीन-चार फुटांवर छाटावा, म्हणजे झाड आटोपशीर राहते आणि शेंगा हाताशी येतात. मोडलेल्या बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांवर तो शेवगा आजही उभा आहे. त्या घराने एक चांगले केले, शेंगांबरोबर पालाही खाल्ला. शेवग्याच्या पाल्यात लोह असते, अ जीवनसत्त्व तयार करणारा घटकही भरपूर असतो. आपल्या भगिनींमध्ये आणि वाढत्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याची तक्रार सर्रास आढळते. पाला डाळीत घालावा, वर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने ते अडते. ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी मात्र पाल्यावर विसंबून त्या सोडू नयेत.

लिंबाचे झाड सहाव्या वर्षी पिवळे पडले. आजींनी शेणखत ओतले, पण उपयोग होईना. येथे पाहण्यासारखी खूण आहे. जुनी, खालची पाने सगळी पिवळी होत असतील तर झाड नत्र मागत आहे. नवी, शेंड्याची पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून सकाळच्या वेळी पानांवर फवारले, पंधरवड्याने पुन्हा फवारले, तर नवी पालवी हिरवी येते. त्या लिंबाला तशी ती आली. फूल मात्र आले नाही. त्याचे कारण वेगळे होते, आणि ते डोक्यावर उभे होते.

त्या आधी काजळीचे सांगतो, कारण पांडेसऱ्यात ती रोजची तक्रार आहे. आंब्याची, कढीपत्त्याची पाने काळी पडली की लोक चिमणीला दोष देतात. कधी ते खरे असते, कधी नसते. काजळी दोन तऱ्हेची असते. धुराची काजळी कोरडी असते. बोटाला लागते आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जाते. आठवड्यातून एकदा पाने धुतली म्हणजे झाड पुन्हा श्वास घेते. दुसरी काजळी बुरशीची. तुडतुडे, मावा, पिठ्या ढेकूण हे किडे रस शोषतात व गोड चिकटा टाकतात, त्यावर ही काळी बुरशी वाढते. पान बोटाला चिकट लागले आणि जवळपास मुंग्यांची रांग दिसली तर चिमणी निर्दोष आहे असे समजावे व किड्यांचा बंदोबस्त करावा. लिंबोळीचा अर्क किंवा साबणाचे पातळ पाणी संध्याकाळी फवारावे. भाजी कोणत्याही काजळीची असो, ती धुतल्याशिवाय खाऊ नये हे सांगायला नकोच.

आता सावलीविषयी. २०१२ च्या सुमारास वहीतल्या नोंदी विरळ होतात. वांगी फुलत, पण फळ धरीत नसत. मिरची उंच व लुळी होई. मेथीचे पान पिवळट. घरच्यांना वाटले माती थकली. माती थकली नव्हती. आंब्याने माथा पसरला होता, आणि त्याच सुमारास दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांनी वर दोन मजले चढवले होते.

उन्हाचा हिशेब सोपा आहे व तो प्रत्येकाने आपल्या अंगणात करून पाहावा. सुरतेला किंवा वसईला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, भिंतीची सावली पायाशीच पडते. पण डिसेंबरात तो दक्षिणेला एवढा झुकतो की नाताळच्या दिवशी भर दुपारी सुरतेला दहा फूट भिंतीची सावली जवळजवळ दहा फूट पडते. तीस फुटी घराची सावली तीस फूट. सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. म्हणजे घराच्या दक्षिणेला शेजारची इमारत उठली की मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा या हिवाळी भाज्यांच्याच हंगामात अंगण अंधारते. उन्हाळ्यात बघणाऱ्याला वाटते, ऊन तर भरपूर आहे. वांगी, टोमॅटो, मिरचीला दिवसाचे पाच-सहा तास सरळ ऊन लागते. त्याहून कमी असेल तर हट्ट धरू नये. अळू, हळद, आले, पुदिना, पानओवा, नागवेल ही सावली सोसणारी मंडळी आहेत. आजींनी २०१४ पासून आंब्याखाली हळद लावायला सुरुवात केली व तेव्हापासून घरात हळद विकत आणलेली नाही. बाग हरली असे त्या मानत नाहीत. "आधी ती उन्हाची होती, मग सावलीची झाली," एवढेच म्हणतात.

सावलीच्या बागेला एक सावधगिरी लागते. ती लवकर वाळत नाही. कुंडीखालच्या ताटलीत, नारळाच्या करवंटीत, टाकलेल्या टायरात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून ही सारी भांडी पालथी करावीत. दुसरी गोष्ट लेप्टोस्पायरोसिसची. सुरत, नवसारी, वलसाड या भातउसाच्या पट्ट्यात हा ताप पावसाळ्यात दरवर्षी आढळतो. उंदरांच्या व जनावरांच्या मुतातून त्याचे जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात अनवाणी चिखलात उतरू नये. जखम असेल तर झाकावी. चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या फार दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले तर घरगुती काढे करीत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा व आपण शेतात किंवा बागेत काम केले हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत औषध मिळाले तर माणूस बरा होतो, उशिरा गेल्यास मूत्रपिंडावर बेतते.

आंब्याकडे परत येऊ. २००५ साली त्याने पहिली अकरा फळे दिली तेव्हा त्यांतली तीन गावी पाठवली गेली. पुढे तो घराचा मानकरीच झाला. आजींच्या यजमानांचे २०१६ साली निधन झाले, त्यांनी लावलेले झाड म्हणून त्याला हात लावण्याची भाषा कोणी करीत नसे. पण मुळे जोत्याखाली शिरली होती. काळी जमीन आधीच उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, त्यात झाडाची तहान. २०२० च्या पावसाळ्यानंतर जोत्याला बोटभर तडा दिसू लागला आणि मोरीचा पाइप फुटला. मुलगे म्हणत, तोडा. आजी म्हणत, आधी मला उचला. घरात बराच काळ हा वाद चालला. आम्हांलाही दोन्ही बाजूंनी साक्षीला बोलावण्यात आले.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगितले. दहा फुटांच्या अंगणात घरापासून पाच फुटांवर आंबा लावणे चूक नव्हती, तो तेथे कायमचा राहील असे धरणे चूक होते. प्रभूने सांगितलेल्या अंजिराच्या दाखल्यात माळी धन्याकडे मुदत मागतो, पण ती एका वर्षाची. येथे तर झाडाने वर्षानुवर्षे भरभरून दिले होते. झाडाचा निकाल मायेने लावता येतो, पण लावावा लागतो. दोन हिवाळे छाटणी करून पाहावी असेही सुचवले आणि तसे केलेही. माथा लहान झाला. तडा मात्र वाढतच राहिला.

अखेर २०२२ च्या जानेवारीत झाड उतरवले. शहरात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की स्वतःच्या अंगणातले झाड असले तरी तोडण्यापूर्वी महानगरपालिकेकडे विचारणा करावी. महाराष्ट्रातील शहरांसाठी तर १९७५ पासून झाडांचा कायदाच आहे. एक सल्ला जोत्याचाही. मोठे झाड काढल्यावर काळी जमीन ओलावा धरून पुन्हा फुगू शकते, म्हणून भिंतीचे काम लगेच करू नये, एक-दोन पावसाळे जाऊ द्यावेत. त्या घराने तडा २०२४ मध्ये बुजवला.

झाड उतरवले त्या दिवशी आजी जेवल्या नाहीत. आठ दिवसांनी त्या अंगणात येऊन बसल्या तेव्हा ऊन त्यांच्या पायांवर पडले होते, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वांग्याच्या रोपांचा. नंदुरबारहून भरताच्या वांग्याचे बी आले. पहिल्या वर्षी वांगी यथातथाच झाली. जमिनीत राहिलेली लाकडे-मुळे कुजताना तेथला नत्र ओढून घेतात, अशा जागी पहिली दोन वर्षे कडधान्य घ्यावे किंवा शेणखत दुप्पट द्यावे. दुसऱ्या वर्षी वांगी हाताएवढी आली. हळद कोपऱ्यात सरकली. आणि तेरा-चौदा वर्षे नुसत्या पानांवर जगलेले ते लिंबू २०२३ च्या फेब्रुवारीत फुलले. वहीत ती नोंद नातवाच्या अक्षरात आहे व तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

हा नातू आता मिलमध्ये सुपरवायझर आहे आणि त्याला बागेची गोडी लागली आहे. आम्ही मागल्या खेपेस गेलो तेव्हा त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले की आंब्याच्या मोकळ्या जागी चिकूचे कलम लावायचे ठरले आहे. चिकूचा माथा वीस-पंचवीस फुटांवर जातो हे आम्ही त्याला सांगितले व अंगण पुन्हा एकदा मोजायला सुचवले. तो टेप आणायला आत गेला. आजी हसत म्हणाल्या, "मोजू द्या त्याला, फादर. पंचवीस वर्षांनी कोणाला तोडायला लागेल ते मी कुठे बघायला आहे?"